पहिल्या घाण्याचा मारवा

“गाण्याची आवड असलेल्या माणसाकडनं रेकॉर्ड कधीच घेऊ नका, मॅडम,” बिराजदार सर म्हणायचे. “त्यानं आवडीनं वाजवून वाजवून तिचा चोथा केलेला असतो. ज्या घरात गाण्याचं वावडं हाय, तिथली घ्या. तिथं कोरी मिळती.”

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडावर पदर धरून हसले होते. माणूस विक्षिप्त आहे असं आमच्या क्लासमध्ये सगळेच म्हणत, त्यात मीही आवाज मिसळायची. आज नांदेडच्या घरी माझ्या कपाटात जी एक रेकॉर्ड सगळ्यांत आधी हाताला लागते, ती अशाच गाण्याचं वावडं असलेल्या घरातून आली आहे. ती बाहेर काढली की हसू येत नाही.

लातूरला डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींच्या एका खाजगी क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. सर फिजिक्सला, मी बायॉलॉजीला. ते ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त होऊन आलेले. मी मूळची नांदेडची, नवरा तिथल्याच विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. म्हणजे आठवडाभर लातूरला भाड्याची खोली आणि शनिवारी एसटीचे धक्के. सर उंच, खांद्यात जरासे वाकलेले. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आणि वरच्या खिशात पेनाशेजारी एक मऊ केसांचा ब्रश. तो ब्रश कशाचा, हे विचारायची स्टाफरूममध्ये कुणाची छाती नव्हती. सरांना राग यायला कारण लागत नसे, आणि तो जायला दोन कप चहा लागत.

कुणी मोबाइलवर गाणं लावलं की ते खुर्ची उचलून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसत. “मोबाइलवर गाणं ऐकता? मग जेवणबी फोटोतच करत जा की.”

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझ्या अज्ञानामुळे. माझ्या मुलानं पुण्याहून मला वाढदिवसाला एक रेकॉर्ड प्लेअर पाठवला. निळा, सुटकेससारखा, कडी लावून उचलून न्यायचा. सोबत एक नवीकोरी रेकॉर्डही पाठवली होती, जाडजूड. वजन किती याचा सोनेरी स्टिकर कव्हरवर. मी हौसेनं ते सगळं बिऱ्हाड स्टाफरूममध्ये नेलं, सरांना दाखवायला. वाटलं, खूश होतील.

सरांनी त्या सुटकेसची सुई बोटाच्या टोकावर तोलली. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू लेकराला उपाशी ठेवून आले होते.

“हे रेकॉर्ड वाजवत न्हाई, मॅडम. हे रेकॉर्ड खातंय. बगा किती जड सुई. नांगरच हाय.”

“पण रेकॉर्ड तर चांगली आहे ना? जाड आहे.”

“जाड माणूस चांगलंच गातो असं हाय का?” त्यांनी ती उजेडात धरली. “ही सीडीवरनं परत रेकॉर्ड केल्याली हाय. म्हंजे हॉटेलातली भाजी घरी आणून पातेल्यात वाढल्यासारखं. पातेलं तुमचं, भाजी त्येंची.”

मला राग आला. चाळीस पोरांपुढे रोज फळ्यावर बेडूक फाडणारी बाई मी, मला कुणी सुनावलेलं खपत नाही. पण त्याच संध्याकाळी सर स्वतःहून म्हणाले, “शिकायचं असंल तर रविवारी या. नांदेडला जायचं एक डाव चुकवा.” मी चुकवला. त्यानंतर बरेच रविवार चुकवले. नवरा फोनवर विचारायचा, “त्या मास्तरकडे एवढं काय आहे?” मी सांगायची, “काळ्या थाळ्या आहेत.”

सरांचं घर औसा रोडला, आतल्या गल्लीत. बाहेरच्या खोलीत एक लाकडी कपाट, त्यात रेकॉर्डी उभ्या. आडवी एकही नाही. रेकॉर्डला हात लावायच्या आधी ते साबणानं कोपरापर्यंत हात धूत. मग ती तळहातांच्या कडांवर अशी घेत की काळ्या भागाला एक बोट लागत नसे, आणि खिशातल्या त्या ब्रशनं वरवरची धूळ झाडत. रोज सकाळी पूजेला ते डाव्या तळहातावर लिंग घेऊन टक लावून बसत, ते मी पुढे पाहिलं. दोन्ही वेळी चेहरा तोच असायचा. सरांच्या बायकोला, वहिनींना, मी एकदा हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हाव, फरक इतकाच की देवाला ते शिव्या देत न्हाईत.”

चांगली रेकॉर्ड ओळखायची कशी, हे त्यांनी मला शिकवलं. कव्हर बघू नका, कव्हर नवरदेवाच्या कोटासारखं, भाड्याचं असू शकतं. रेकॉर्ड डोळ्याच्या पातळीला आडवी धरा, वाकलेली असेल तर ताटासारखी दिसेल. खिडकीच्या तिरप्या उजेडात फिरवा. खाचा काळ्याभोर चमकल्या तर ठीक, राखेसारख्या करड्या दिसल्या तर आतून झिजली. मधल्या भोकाभोवती बारीक ओरखडे आहेत का बघा, जितके ओरखडे तितक्यांदा कुणीतरी घाईनं लावलेली. आणि शेवटी, जिथं खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्या मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला आकडा वाचा.

“शेपटीला एक असला म्हंजे पहिला घाणा,” सर सांगायचे. “साचा नवा असतो तवा काढलेल्या रेकॉर्डी. तेलाचं, गुळाचं असतं तसंच. नंतर साचा झिजतो, मग कंपनी दुसरा करती, टेपवरनं टेप काढती. दर डावाला काहीतरी सांडत जातं.”

रेकॉर्ड धुवायला ते बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणत आणि मऊ धोतराच्या फडक्यानं टिपून भांड्यांच्या मांडणीत सावलीला वाळत ठेवत. फक्त लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात त्यांनी एकही रेकॉर्ड धुतली नाही. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन टँकरमागे धावत होत्या. “माणसं तोंड धुवंनात अन् मी गाण्याला आंघोळ घालू?” असं म्हणून त्यांनी सगळं कपाट जुन्या चादरीनं झाकून टाकलं. न धुता लावली तर धूळ खाचेत दळली जाते, म्हणून पाऊस पडेपर्यंत त्या घरात गाणं वाजलं नाही. हे मला वहिनींनी सांगितलं. सरांना स्वतःबद्दल बरं सांगता येत नसे.

नांदेडला इतवाऱ्यात खुर्शीदभाई म्हणून एक जुन्या सामानाचे व्यापारी होते. झुंबरं, पानदानं, घड्याळं, आणि हैदराबादकडच्या जुन्या घरांतून आलेल्या रेकॉर्डी. सर महिन्यातून एखादी चक्कर मारत, आणि दर वेळी एकच रेकॉर्ड विचारत. एका बुवांचा मारवा राग. नाव मी लिहीत नाही. ते बुवा फार गाजलेही नाहीत. खुर्शीदभाईंनी त्या रेकॉर्डच्या बऱ्याच प्रती सरांपुढे आणून टाकल्या होत्या. सर आकडा बघत आणि परत देत. एकदा मी सोबत असताना शेपटीला एक असलेली निघाली. पण त्यांनी ती तिरप्या उजेडात इतका वेळ फिरवली की खुर्शीदभाई वैतागले.

“सर, रिकॉर्ड देख रै कि लडकी देख रै? इत्ता तो लोगां शादी में बी नै देखते.”

“लडकी एक डाव हां बोली की झालं, खुर्शीदभाई. हिला रोज बोलायचंय.”

दुकानातल्या प्लेअरवर त्यांनी सुई ठेवली. तानपुरा सुरू झाला. तारांतून ती मधमाशीसारखी गुणगुण निघते ती सगळ्या दुकानात भरली. सरांनी मान हलवली. सुई बुवांच्या गाण्यात मधेच एका जागी ठेवली, कान खाली नेला, आणि उचलली.

“मेली हाय. वरचं समदं मेलंय. तानपुऱ्यात जव्हारीच न्हाई, ती गुणगुणच गेली.”

“मला तर ऐकू आली, सर.”

“तुम्ही नव्या हाव, मॅडम. तुमाला भांडं वाजलं तरी गोड लागतंय.”

मी नवखी होते हे खरंच होतं. परत येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले आणि लोहा गाव मागं गेल्यावर एकदम म्हणाले, “आजकाल क्लासमधी मुली कामून बोलत न्हाईत? प्रश्न इचारला की पोरं उत्तर देतात, मुली नुस्तं तोंड हलवतात.” त्याच मुली माझ्या तासाला कलकलाट करत. मला वाटलं, सरांना घाबरत असतील.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला घरी बोलावलं. आमच्या भागात ती सकाळ वेगळीच असते. एका वर्षी त्याच पहाटे भूकंप झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण लातूरकडची जुनी माणसं विसर्जनाहून आली की अजूनही लवकर झोपत नाहीत. मी गेले तर सर अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून खुर्चीवर बसले होते. वहिनी कुणाशी बोलत नव्हत्या. प्लेअरवर बुवांचा मारवा होता. त्यांची स्वतःची प्रत, पहिल्या घाण्याची.

“मारवा संध्याकाळचा ना?” मी विचारलं. तेवढं मला एव्हाना कळायला लागलं होतं.

“भूकंपानं कुटं येळ बगितली?” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण, महानंदा. सगळे तिला अक्का म्हणत. ती सोलापूरला मावशीकडे राहून त्या बुवांकडे गाणं शिकली. बुवांची रेकॉर्ड निघायची ठरली तेव्हा मुंबईला मागे तानपुऱ्यावर अक्का बसली होती. मारव्यात बुवा सा टाळत टाळत वर गेले. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तसं त्यांनी ताणलं आणि श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात अक्कानं मागून आपल्या गळ्यानं सा देऊन टाकला. शिष्येनं गुरूच्या आधी सा द्यायचा नसतो. बुवांनी गाणं थांबवलं नाही, पण बाहेर आल्यावर तिला सगळ्यांसमोर झापलं. पहिल्या घाण्यात तो सा तसाच राहिला. पुढं कंपनीनं ती जागा कापली आणि दोन्ही टोकं जोडून टाकली.

“म्हणून पुढच्या समद्या प्रती एका श्वासानं तोकड्या हायेत,” सर म्हणाले. “मी घड्याळ लावून बघितलंय.”

त्यानंतर लवकरच अक्काचं लग्न झालं, औशाच्या पुढच्या एका गावात. सासरी गाणं चालत नव्हतं. ती म्हणायची, “एकच सा लागला माझा जन्मात, तोबी चुकून.” त्या पहाटे घर पडलं. माती-दगडाच्या जाड भिंती, त्यात ती, तिचा नवरा, घरातलं सगळंच गेलं. तिचा एक फोटोसुद्धा राहिला नाही.

“मग त्या वर्षी मी तेवढाच सा वाजवला, मॅडम. सुई उचलायची, मागं ठिवायची. पुन्हा उचलायची. दिवसभर. हे कॉलेजातनं आले की तेच, असं ही म्हणायची,” त्यांनी वहिनींकडे मान केली. “फिजिक्सचा मास्तर मी. सुई दर डावाला थोडं खरवडती, हे मीच शिकवायचो. तरी वाजवला. पुढं पुढं आवाज बारीक व्हायला लागला. मग मी वर्षातनं एकदा लावायचं ठरवलं, आजच्या दिवशी. पण आता तिथं काहीच न्हाई. नुस्ती खरखर. ऐका.”

त्यांनी सुई ठेवली. रेकॉर्ड खरोखर करडी पडली होती आणि कांदे परतल्यासारखी चर्र वाजत होती. बुवा वर चढत गेले, चढत गेले, थांबले. आणि मागून एका बाईचा आवाज आला. बारीक, कोवळा, जरा घाईचा. त्या खरखरीच्या आडून, पण अगदी सुरात. सा.

मी सरांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“बगितलं? काय ऱ्हायलं न्हाई. मीच खाल्ली तिला.”

आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी. वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, सर हलले नाहीत, मग त्या स्वतः आत गेल्या. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. मुली तोंडं हलवतात, आणि माझं बोलणं कळतं ते मी समोर बसून बोलते, ओठ दिसतात म्हणून. वरचं मेलंय. कानातल्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या केशपेशी वयात आधी जातात आणि एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. त्या सकाळी ते चित्र माझ्यासमोर धोतर नेसून बसलं होतं.

सांगायचं काय? रेकॉर्ड झिजलेली नाही, अक्का आहे तिथंच आहे, असं सांगितलं तर त्यांच्या मनावरचा एक धोंडा उतरणार होता. पण त्याच वाक्यात हेही सांगावं लागणार होतं की आता जगातली कुठलीच प्रत त्यांना अक्काचा आवाज देणार नाही. मी वहिनींना आत जाऊन विचारलं. त्या भात काढत होत्या. “मला तर ती दर वर्षी ऐकू येती,” त्या हळूच म्हणाल्या. “पर मी सांगितलं तर ते म्हणतील, तुला काय कळतंय गाण्यातलं. अन् खरं म्हंजे, शोधायला बाहेर पडत्यात तेवढंच त्येंचं जिणं हाय. ते कामून तोडू?”

मी आडून प्रयत्न केला. म्हटलं, सर, या वयात एकदा कान दाखवून घ्यावेत, माझ्या नवऱ्यानंही दाखवले. झालं. दोन कप चहानं जाणारा राग नव्हता तो. “माझे कान खराब? तानपुऱ्याच्या चार तारा मी वायल्या वायल्या, एकेक करून सांगतो!” स्टाफरूममध्ये त्यांनी पुढचे कितीतरी दिवस माझ्याकडे पाठ करून डबा खाल्ला. मला वाईट वाटलं, आणि खोटं का बोला, चीडही आली.

अबोला मोडला तो माझ्या घरमालकीणबाईंमुळे. त्यांचं माहेर औशाचं. गप्पांत त्या म्हणाल्या, “आमच्या भावाकडं हायेत की असल्या दोन-चार तबकड्या. लग्नात कुणी तरी दिल्याल्या. कवा कुणी उघडल्यात?” मी सरांना निरोप दिला. ते काही न बोलता पिशवी घेऊन स्टँडवर येऊन उभे राहिले.

औशाला किल्ल्याच्या बाजूला त्या भावाचं खताचं दुकान, मागे घर. घरात कधी रेकॉर्ड प्लेअर नव्हता. “आमच्यात कोण ऐकतंय असलं रडगाणं?” ते गृहस्थ हसत म्हणाले. “सोयाबीनचा भाव सांगणारी तबकडी असंल तर बोला.” सरांनी माझ्याकडे एक नजर टाकली. पहिला नियम.

कपाटात शालूंच्या घड्यांमागे रेकॉर्डी उभ्या होत्या. “झोपवून ठिवल्या असत्या तर वाकल्या असत्या,” सर पुटपुटले. तिसरी बुवांची होती. सरांनी हात धुवायला पाणी मागितलं. रेकॉर्ड बाहेर काढून खिडकीत नेली. काळीभोर. भोकाभोवती एक ओरखडा नाही. लेबलजवळच्या पट्टीवर त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला आणि रेकॉर्ड माझ्यापुढे धरली. शेपटीला एक होता.

“न्या हो, तेवढीच जागा मोकळी हुईल,” ते गृहस्थ म्हणाले.

बसमध्ये सर ती मांडीवर उभी धरून बसले. खिडकीतून ऊन आलं की पिशवीवर रुमाल टाकत. एका बाईनं विचारलं, “देवाचा फोटो हाय का?” सर म्हणाले, “बहीण हाय.” बाईनं जरा सरकून जागा करून दिली.

त्यांचा बेत ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवायचा होता. वहिनी पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांच्यावर ओरडल्या. “तवर कोण हाय, कोण न्हाई! आजच लावा.” मग त्यांनी ती धुतली, वाळवली. दिवेलागण झाली होती. मारवा त्या घरात कितीतरी वर्षांनी आपल्या वेळेला लागणार होता.

सुई टेकली. चर्र नाही, काही नाही. तानपुरा खोलीतच वाजतोय असं वाटलं. बुवा वर गेले. सर पुढे झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. बुवा थांबले.

अक्काचा सा आला. इतका स्वच्छ आला की मला तिचा श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. वहिनींनी पदर डोळ्याला लावला.

सर तसेच बसले होते. मग त्यांनी सुई उचलली. माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

“आला का?”

मला खोटं बोलता आलं नाही. “आला, सर.”

“तुमच्या तोंडाकडं बघूनच कळलं.” ते बराच वेळ फिरत्या तबकडीकडे बघत राहिले. ते फिजिक्सचे मास्तर होते. कोरी रेकॉर्ड, तीच सुई, तीच जागा, आणि तरी दोघींना ऐकू येतं अन् एकाला नाही, याचं उत्तर त्यांना कुणी सांगायला नको होतं. चूक कुठं आहे ते त्यांनी आमच्यासमोर बसून सोडवलं. ते बघवत नव्हतं.

मग ते उठले आणि कपाटातून आपली जुनी, करडी पडलेली प्रत काढली. ती लावली. सुई त्या जागेच्या जरा आधी ठेवली. कांदे परतल्यासारखी चर्र सुरू झाली.

“आता बोट वर करा. आली की करा.”

बुवा थांबले. मी बोट वर केलं.

“हितंबी हाय?”

“हाय, सर. पहिल्यापासून होती.”

सर खाली बसले. त्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. सगळं गेलेला माणूस, आणि तरी काहीतरी परत मिळालेला.

“म्हंजे मी न्हाई झिजवली तिला,” ते म्हणाले. आणि रडले. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, मी पायात चपला घालून बाहेर अंगणात उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्यांनी ती कोरी प्रत कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. “घ्या,” ते म्हणाले. “ऐकू येणाऱ्याच्या घरी ऱ्हाऊ द्या. अन् कपाटात ठिवून पूजा करू नका. वाजवा. झिजली तर झिजू द्या.” मग म्हणाले, “त्या निळ्या सुटकेसवर मात्र न्हाई.”

त्याच महिन्यात त्यांनी क्लास सोडला. मुली बोलतात आणि आपल्याला कळत नाही, हे समजल्यावर त्यांना उभं राहवेना. कानात यंत्र घातलं, पण त्यात पंख्याचा आवाज मोठा आणि माणसाचा लहान, म्हणून काढून ठेवलं. नवी रेकॉर्ड बघायला ते पुन्हा कधी गेले नाहीत. खुर्शीदभाई माझ्याकडे विचारणा करायचे, “सर नाराज हैं क्या?” या थंडीत सर गेले. निरोप मला नांदेडला मिळाला, मी पोचेपर्यंत माती झाली होती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या आधी. माझंही लातूरचं काम संपलं होतं, खोली रिकामी करून मी स्टँडला निघाले होते. रिक्षा त्यांच्या गल्लीत वळवली. फराळाचा डबा द्यायचा होता. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीतून ती ओळखीची चर्र ऐकू आली आणि मी पायरीवरच थांबले.

संध्याकाळ होत आली होती. सर माझ्याकडे पाठ करून प्लेअरसमोर बसले होते. आता ते ती जुनी प्रत रोज वाजवतात, मनाला येईल तितक्यांदा, असं वहिनींनी फोनवर सांगितलं होतं. बुवा वर चढत होते. सरांना त्यातलं किती ऐकू येत होतं कोण जाणे. ते सुईकडे बघत होते. सुई कुठल्या खाचेवर आली की काय होतं, हे त्यांना पाठ होतं.

बुवा थांबले. सरांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. जरा घाईच झाली त्यांची. बोट आधी वर गेलं, आणि मग मागून अक्का आली.